हौसाचे डोळे

गणपतीच्या कारखान्यात सगळ्यात कमी बोलणारा माणूस कोण, तर डोळे आखणारा. माती मळणाऱ्या बाया गाणी म्हणतील, साचेवाले एकमेकांशी भांडतील, रंगवाले मोबाइलवर मॅच ऐकतील. पण आखणीला बसलेला माणूस तोंडातून ब्र काढणार नाही. पनवेलच्या जुन्या गावठाणात काशिराम म्हात्र्यांचा कारखाना आहे, आणि तिथे गेली सोळा वर्षं हे काम दिपिका घरतकडे होतं. बाई एरवी तोंडाची फटकळ. कोन गावाहून शेअर रिक्षात बसली की पनवेल येईपर्यंत शेजारच्याच्या घरची सगळी हकीकत काढून घेणार. पण हातात बारीक ब्रश आला की हीच बाई मुकी व्हायची.

ही सगळी काशिरामकाकांची शिकवण. दिपिकाची आई हौसा याच कारखान्यात माती मळायला होती. मुलीला चित्रकलेचा हात आहे हे तिनेच काकांच्या कानावर घातलं, आणि काकांनी अठरा वर्षांच्या दिपिकाला मूर्तीसमोर बसवलं. अंघोळ करून बसायचं. डोळे सगळ्यात शेवटी. आखताना समोर दुसरं कुणी उभं राहायचं नाही. आणि सगळ्यांत मोठा नियम असा की, एकदा डोळे उघडले की त्या चेहऱ्याला कसलंही हत्यार लावायचं नाही, मग तो कितीही बिघडलेला असो. बाकीचे कारागीर मान डोलवायचे आणि मागे हसायचे. दिपिका हसली नाही. आपण रंग लावत नाही, आपण डोळे उघडतो, हे तिने मनाशी पक्कं धरलं होतं. नवऱ्याने कधी थट्टेने "रंगारीण" म्हटलं तर त्या दिवशी त्याला जेवण वाढलं जायचं ते आदळआपट करून.

जानेवारीत कारखाना थंड असतो. मोजके माघी गणपती सोडले तर नुसती साच्यांची दुरुस्ती. अशाच एका दुपारी खारघरहून एक माणूस आला. स्वानंद त्रिभुवन नाव, चाळिशीतला, कुठल्याशा कला महाविद्यालयात शिकवणारा. कुटुंब मूळचं नगरकडचं, आजोबा चर्चमध्ये पाळक. काकांशी पुढच्या खोलीत तासभर बोलला. दिपिका मागे साचे धूत होती. येशू, मरिया, कॅनव्हास असे तुटक शब्द तेवढे तिच्या कानावर आले.

तो गेल्यावर काका मागे आले. "दिपे, काम आलंय. येशूची सात चित्रं हायत. त्यांनी सगळं रंगवलंय, डोळे तेवढे ठेवलेत. म्हणतात, हात-पाय जमतात, डोळ्यात जीव येत नाय. ते तू करायचं."

"माझा हात गणपतीवर बसलेला. माणसाचा डोळा कुठं जमायचा?"

"डोळा तो डोळा. माणसं बघ नि आख."

"नि लावणार कुठं ती चित्रं?"

"प्रार्थनेच्या जागी," काका म्हणाले. "मोठा हॉल हाय. लोक येतील, हात जोडतील. देवाचंच काम हाय गो."

देवाचं काम म्हटल्यावर दिपिकाने पुढे काही विचारलं नाही. देव आपला की त्यांचा, हा प्रश्न तिला पडलाच नाही. डोळे उघडायचे होते, एवढं तिला पुरेसं होतं.

सात कॅनव्हास टेम्पोतून आले. माणसाएवढी उंच चित्रं, कपड्यांच्या चुण्या अशा की हात लावून बघावं वाटेल, आणि डोळ्यांच्या जागी नुसत्या गुळगुळीत खाचा. दिपिका पहिले चार दिवस त्यांच्याकडे बघत बसून राहिली. मग ती माणसं बघायला लागली. रिक्षात, भाजी बाजारात, एसटी स्टँडवर. पंक्तीला बसलेल्या शिष्याला तिने मिरची गल्लीतल्या एका म्हाताऱ्या अत्तरवाल्याचे डोळे दिले. पाण्यावरून चालणाऱ्या येशूला दिले ते उरणच्या एका खलाशाचे, बंदरावर पाहिलेले. एकेक डोळ्याला दोन-दोन दिवस लागत होते. जमतंय हे कळल्यावर ती घरी जाताना स्वतःशीच गुणगुणायला लागली.

सातवं चित्र मरियेचं होतं. क्रूसाखाली उभी असलेली बाई, डोक्यावरून निळा पदर, हात खाली सोडलेले. स्वानंद एक दिवस रंगाच्या ट्यूब द्यायला आला होता, तेव्हा दिपिकाने विचारलं, "हिचं काय झालंय?"

"मुलाला मारलंय," तो म्हणाला. "तिच्या समोर."

यापेक्षा जास्त सांगायची गरज नव्हती. दिपिकाचा धाकटा भाऊ महादेव बाविसाव्या वर्षी एक्सप्रेस वेवर अपघातात गेला. हॉस्पिटलच्या पायरीवर हौसा उभी होती. रडत नव्हती, ओरडत नव्हती, कुणीतरी काहीतरी विचारलं आहे आणि आपल्याला ते नीट ऐकू आलेलं नाही, अशी बघत होती. डावा डोळा उजव्यापेक्षा किंचित खाली, पापणी जड. त्यानंतर हौसा नऊ वर्षं जगली, पण ती नजर काही गेली नाही. आणि दोन वर्षांपूर्वी ती गेली तेव्हा घरात तिचा धड एक फोटो नव्हता. आधार कार्डावरच्या फोटोत तर फ्लॅशने डोळेच मिटलेले. तोच मोठा करून भिंतीवर लावलेला होता, आणि दिपिकाला तो बघवत नसे.

मरियेचे डोळे आखायला तिला अकरा दिवस लागले. शेवटच्या दिवशी डाव्या बुबुळात पांढरा ठिपका ठेवला आणि ती मागे सरली. समोर आई उभी होती. दिपिका तिथेच जमिनीवर बसली आणि पोटभर रडली. दुःखाने नव्हे. आई पुन्हा बघायला मिळाली म्हणून.

काका आवाज ऐकून आत आले. चित्राकडे बघितलं आणि दारातच थबकले. "ही तर हौसा गो," ते म्हणाले. महादेव गेला त्या दिवशी हॉस्पिटलच्या पायरीवर हौसाचा दंड धरून तेच उभे होते. त्यांनी स्टूल ओढलं, बसले, खांद्यावरच्या टॉवेलने डोळे पुसले. मग दिपिकाच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "तुजी आय कुठं गेलेली नाय." तेवढ्या एका वाक्यावर दिपिकाने त्यांच्यासाठी आणखी सोळा वर्षं काम केलं असतं.

चित्रं मार्चमध्ये गेली. पुढचे महिने नेहमीचे: माती, साचे, रंग, गिऱ्हाइकांची वर्दळ. दिपिका अधूनमधून काकांना विचारायची, हॉल कुठला, एकदा जाऊन आईला बघून येते. काका म्हणायचे, लागतील तेव्हा सांगतो.

काकांनी सांगितलं नाही. सांगितलं कल्पेशने, म्हणजे तिच्या नवऱ्याने. तो जासईच्या कंटेनर यार्डात ट्रेलर चालवतो. ऑगस्टमध्ये एका सकाळी त्याचा फोन आला. "अगो, नाट्यगृहाच्या बाहेर फ्लेक्स लागलाय. स्वानंद त्रिभुवन यांची नवी चित्रे. नि खाली काय लिवलंय म्हाईत हाय? डोळे, दिपिका घरत! एवढ्या मोठ्या अक्षरात!" त्याने अर्धी रजा टाकली. दिपिकाने ठेवणीतली साडी काढली, केसांत गजरा माळला, आणि पिशवीत एक नारळही घेतला. आईच्या समोर ठेवायला.

नाट्यगृहातल्या कलादालनाच्या दाराशी तिने चपला काढल्या. कल्पेशनेही काढल्या. आत सगळे बूट घालून फिरत होते हे पाहून कल्पेश घुटमळला, पण दिपिका तशीच पुढे गेली. दारालगत पाटी होती, "मूर्तिभंजनाची सात चित्रे". तो शब्द तिने वाचला आणि त्यावर विचार केला नाही. तिचं लक्ष समोर होतं.

समोर अत्तरवाला होता, म्हणजे तिचा शिष्य. त्याला डोळे नव्हते. डोळ्यांच्या जागी रंग खरवडून काढला होता, आडवा-उभा, पार कापडाचे धागे दिसेपर्यंत. दुसऱ्या चित्राचंही तेच. तिसऱ्याचं तेच. खलाशाच्या डोळ्यांच्या जागी दोन पांढुरके चट्टे. दिपिका चालत राहिली. पाय चालत होते, ती कुठे चालत होती! शेवटच्या भिंतीवर निळा पदर दिसला. डावा चट्टा उजव्यापेक्षा किंचित खाली होता.

"कुणी केलं हे?" कल्पेश एवढ्या मोठ्याने ओरडला की सगळं दालन वळून बघायला लागलं.

गर्दीतून स्वानंद आला, तोच मुळी हसत, दोन्ही हात पुढे करून. "या, या! मी काकांना तीनदा सांगितलं, दिपिकाताईंना नक्की..." मग त्याने तिचा चेहरा पाहिला. हात खाली गेले. "काकांनी तुम्हाला सांगितलं नाही?"

"काय सांगायचं होतं?"

"की डोळे काढून टाकायचे आहेत. कामच ते होतं. पहिल्याच दिवशी मी तासभर समजावलं त्यांना. ते म्हणाले, दिपिकाला चालेल, मी विचारलंय."

कल्पेशने त्याची कॉलर धरली. दिपिकाने नवऱ्याचा हात बाजूला केला. तिला ऐकायचं होतं.

स्वानंद सांगत राहिला, भराभर, ताप आलेल्या माणसासारखा. आजोबांच्या चर्चमध्ये एकही चित्र नव्हतं. नुसती पांढरी भिंत. लहानपणी त्याने त्या भिंतीवर कोळशाने येशूचं तोंड काढलं तर आजोबांनी त्याच्याच हाताने ते घासून पुसायला लावलं होतं. देवाचं चित्र काढायचं पाप कोणतं आणि पुसायचं पाप कोणतं, हे त्याला तेव्हापासून कळलेलं नव्हतं. "मी काढलेले डोळे खरवडून काय उपयोग? ते मेलेलेच असतात. मला जिवंत हवे होते. सहा चित्रं मी आठ दिवसांत खरवडली. हे शेवटचं..." त्याने मरियेकडे बघितलं नाही. "याला महिना लागला. चप्पल काढून बसायचो तिच्यासमोर. पातं हातात घेऊन परत ठेवायचो."

"नि तरी खरवडलंत."

"हो."

"ती माझी आय होती."

स्वानंदचा चेहरा पांढरा पडला. त्याला हे खरंच माहीत नव्हतं. तो अगदी हळू म्हणाला, "तुम्हीसुद्धा गणपती बुडवताच ना. मला वाटलं, तुम्हाला हे कळेल."

"आमी उत्तरपूजा करतो," दिपिका म्हणाली. "दही-पोहे देतो. जा म्हणून सांगतो, हात लावून हलवतो, मग पाण्यात नेतो. गेलेल्याला बुडवतो आमी. तुमी डोळे काढलेत ते बघत्या बाईचे." मग तिने विचारलं, "नि मला का नाय विचारलंत? ट्यूब द्यायला आलेलात ना? समोर बसलेली मी."

"धीर झाला नाही," तो म्हणाला. "तुमचं काम बघितलं, आणि वाटलं की विचारलं तर तुम्ही नाही म्हणाल. काका हो म्हणाले होते. मी तेवढ्यावर भागवलं."

निदान खरं तरी बोलला. चित्र आत्ता उतरवतो, तुम्ही घेऊन जा, असंही म्हणाला. दिपिकाने मान हलवली. ते नेऊन ती काय करणार होती? आधार कार्डाच्या फोटोशेजारी लावणार होती? ती दाराशी आली, चपला घातल्या, आणि कल्पेशला म्हणाली, "कारखान्यात ने."

कारखान्यात ऐन हंगाम होता. चतुर्थी नऊ दिवसांवर. मांडणीवर ओळीने गणपती, अर्ध्यांचे डोळे उघडलेले, अर्धे अजून वाट बघणारे. मध्ये चौरंगावर खारघरच्या एका सोसायटीचा पाच फुटी गणपती, परवाच आखणी झालेला. काशिरामकाका त्याच्या मुकुटाला खडे चिकटवत होते. ठेवणीतल्या साडीतली दिपिका बघून त्यांचे हात थांबले.

"काका, तुमाला माहीत होतं?"

"काय गो?"

"डोळे खरवडायचे होते ते."

काकांनी आधी रंगवाल्या दोघांना चहाला पिटाळलं. तिथेच तिला उत्तर मिळालं.

"बस. पाणी पी आधी."

"माहीत होतं काय?"

"होतं," काका म्हणाले. "पण सांगितलं असतं तर तू केलं असतंस?"

"नसतं केलं."

"म्हणून तर नाय सांगितलं."

इतकं सरळ उत्तर. थोडं खोटं बोलला असता म्हातारा, विसरलो म्हणाला असता, त्या माणसाने मला फसवलं म्हणाला असता, तरी दिपिकाने धरून ठेवायला काहीतरी शोधलं असतं. त्याने तेवढीही मेहनत घेतली नाही.

"आय होती ती," ती म्हणाली. "तुमी ओळखलंत. इथं बसून रडलात तुमी. नि तिला टेम्पोत घालून पाठवलीत, पुढं काय होणार हाय ते माहीत असून."

"चित्र होतं दिपे. हौसा गेली त्याला दोन वर्षं झाली. रंगच तो."

"रंग?"

"मग काय? कापडावर रंग. थंडीच्या दिवसांत हाताला काम मिळालं, तुजं नाव फ्लेक्सवर लागलं. कुणाचं काय बिघडलं?"

"पहिल्या वर्षी माझ्या हातून एक डोळा वाकडा गेला," दिपिका म्हणाली. "मी ब्लेडने खरवडायला घेतला. तुमी माझ्या थोबाडीत मारलीत. चार दिवस बोललात नाय माझ्याशी. तो गणपती तुमी स्वतः खाडीवर नेलात, रडत नेलात. तो काय होता? रंग नव्हता?"

काकांनी नजर मुकुटाकडे वळवली. एक खडा उचलला, त्याला डिंक लावला. "अगो, पोरंबाळं कामाला येतात, त्यांना धाक लागतो. धाक नसला की काम बिघडवतात. मला माझ्या बापाने दाखवला, मी तुला दाखवला. तू एवढं मनावर घेशील असं कुणाला वाटलं होतं!"

दिपिका उभी राहिली ती उभीच राहिली. सोळा वर्षं ती पहाटे थंड पाण्याने अंघोळ करून आली होती. पाळीच्या दिवसांत भर हंगामात रोजंदारी बुडवून घरी बसली होती. लेक तापाने फणफणली होती तेव्हाही हातातला डोळा पूर्ण केल्याशिवाय उठली नव्हती. आणि हा सगळा धाक होता. बैलाला दाखवायच्या काठीसारखा. तिला काकांचा राग आला, त्याहून जास्त स्वतःची लाज वाटली, आणि लाजेच्या मागून पुन्हा राग आला तो मात्र आवरेना.

पाटावर साच्याचे सांधे तासायचं पातं पडलं होतं. ते तिने उचललं. चौरंगापाशी गेली आणि डाव्या हाताने गणपतीचा गाल धरला.

"रंगच ना?" ती म्हणाली.

काका हसले. "चेष्टा पुरे."

पातं गणपतीच्या डाव्या डोळ्यापासून बोटभर अंतरावर आलं, तेव्हा काकांचं हसू गेलं. ती खरंच करणार होती का, हे तिलाही ठाऊक नव्हतं. हात पुढे सरकला एवढं खरं. सत्तरीचा म्हातारा स्टूल उलथवून धावत आला, खड्यांची डबी खाली सांडली. त्याने तिचं मनगट दोन्ही हातांनी पकडलं आणि जिवाच्या आकांताने ओरडला, "दिपे, नको! पाया पडतो तुज्या! नको गो, नको, देव हाय तो!"

खरंच पाया पडला. तिथेच खड्यांत गुडघे टेकले. नाटक नव्हतं ते. इतकी वर्षं बरोबर काढलेल्या माणसाला एवढं कळतं.

दिपिकाने पातं पाटावर ठेवलं. धाकाची गोष्टही खोटी होती. या माणसाचा विश्वास होता, तिच्याएवढाच होता, कदाचित जास्त. उघडलेले डोळे म्हणजे काय हे पक्कं माहीत असूनच त्याने हौसाला पाठवलं होतं.

"म्हणजे हा देव," ती म्हणाली, "नि माझी आय तेवढी रंग."

ती उत्तरासाठी थांबली. सोळा वर्षांचं थांबली. काहीही चाललं असतं तिला, एक शिवीसुद्धा. पण काशिरामकाका तिच्याकडे बघत नव्हते. चौरंगाला धरून ते कसेबसे उठले होते, चष्मा कपाळावर सरकवला होता, आणि गणपतीच्या डाव्या डोळ्याला कुठे ओरखडा तर गेला नाही ना, ते वाकून तपासत होते.